संगणकावरील मराठी दस्तऐवज : शोधणे व उघडणे यांचा इतिहास

प्रस्तावना

कागदपत्र सापडणे आणि ते वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मोडी लिपीतील दफ्तरांनी इतिहासाच्या अभ्यासकांना केव्हाच शिकविले आहे. पेशवे दफ्तरातील रुमाल पुण्याच्या अभिलेखागारात सुरक्षित आहेत. परंतु मोडीचा जाणकार नसेल तर रुमाल सोडूनही हाती काही लागत नाही. वैयक्तिक संगणकावर लिहिल्या गेलेल्या मराठी मजकुराबाबत हाच प्रश्न अवघ्या काही दशकांत उभा राहिला. संगणकावर दस्तऐवज शोधण्याच्या व उघडण्याच्या पद्धती कशा बदलल्या आणि त्या बदलांत मराठी मजकुराचे काय झाले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

नावावरून शोध

१९८१ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर डॉस ही कार्यप्रणाली आली. तिच्यात फाईलचे नाव आठ अक्षरांचे व त्यापुढील प्रत्यय तीन अक्षरांचा असे. नाव रोमन लिपीतच द्यावे लागे. ‘महाविद्यालय’ हा शब्द रोमन लिपीत लिहिण्यास १३ अक्षरे लागतात. म्हणजे तो पुरता लिहिणेही शक्य नव्हते. फाईली विषयवार ठेवण्यासाठी कप्प्यांत कप्पे करण्याची सोय १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत झाली. दस्तऐवज उघडण्यासाठी सामान्यतः आधी प्रणाली सुरू करावी लागे आणि मग तिच्यातून फाईल मागवावी लागे. त्यामुळे कोणती फाईल कोणत्या नावाने व कोठे ठेवली, हे लिहिणाऱ्याच्या स्मरणावर अवलंबून राही.

याच सुमारास दुसरा विचारही आकार घेत होता. झेरॉक्स कंपनीच्या १९८१ च्या ‘स्टार’ संगणकावर कार्यालयातील कागद, फोल्डर व टेबल यांची चित्रे पडद्यावर आली. दस्तऐवजाच्या चित्रावरून थेट तो दस्तऐवज उघडता येऊ लागला. १९८४ च्या मॅकिंटॉशने ही पद्धत सामान्य ग्राहकापर्यंत नेली. विंडोज ९५ ने २५५ अक्षरांपर्यंतची नावे, अलीकडे उघडलेल्या दस्तऐवजांची यादी आणि फाईलीतील शब्दांवरून शोध घेण्याची सोय दिली. पुढे २००५ मध्ये मॅकवरील ‘स्पॉटलाइट’ आणि २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा यांनी मजकुराची सूची आधीच तयार ठेवून शोध अत्यंत जलद केला. नाव विसरले तरी मजकुरातील एखादा शब्द आठवणे आता पुरेसे ठरले.

मराठी मजकुराची अडचण

ही प्रगती मराठी दस्तऐवजांच्या वाट्याला मात्र फार उशिरा आली. त्याचे कारण मजकूर साठविण्याच्या पद्धतीत आहे. भारतीय लिपींसाठी अक्षरांना ठराविक क्रमांक देणारे ‘इस्की’ हे मानक भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये स्वीकारले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान याच विचारावर उभे होते. परंतु मुद्रण व टंकलेखन यांच्या व्यवहारात बहुतांशी वेगळीच वाट रूढ झाली. श्री-लिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे सुटे आकार बसविलेले असत: अर्धे अक्षर, काना, वेलांटी, रफार इत्यादी. प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी होती. फाईलीत ‘शिक्षण’ हा शब्द नसून काही आकारांचे क्रमांक साठविलेले असत. पडद्यावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून ती साठविलीही आधीच जाई.

याचे दोन परिणाम झाले. मूळ फाँट नसलेल्या संगणकावर फाईल सापडे, उघडेही. पण पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग दिसे. दुसरे असे की, मजकुरावरून शोध घेणे जवळजवळ अशक्य झाले. शोधशब्द नेमक्या त्याच मांडणीत टंकला तरच तो जुळे. १९९३ मध्ये आलेल्या पीडीएफ पद्धतीत फाँट फाईलीतच समाविष्ट करता येत असल्याने वाचनाची अडचण दूर झाली. परंतु आत तेच क्रमांक राहिल्याने शोधाची अडचण कायम राहिली.

युनिकोड व त्यानंतर

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीला १२८ स्वतंत्र स्थाने दिली. त्यांची रचना इस्कीवरच आधारलेली होती. विंडोज २००० पासून वैयक्तिक संगणकावर युनिकोड देवनागरी वापरता येऊ लागली. विंडोज एक्सपीमध्ये मात्र त्यासाठी नियंत्रण कक्षातून भारतीय लिपींची सोय वेगळी सुरू करावी लागे. आता फाईलीत आकार नव्हे, तर अक्षरेच साठू लागली. फाँट बदलला तरी शब्द तोच राहू लागला आणि फाईलीचे नावही मराठीत देता येऊ लागले.

दस्तऐवजाच्या स्वरूपाचा प्रश्नही याच काळात ऐरणीवर आला. ऑफिस २००७ ने फाईलीचे स्वरूप बदलताच जुन्या आवृत्त्यांना नव्या फाईली वेगळ्या साहाय्याविना उघडता येईनात. दस्तऐवजांच्या खुल्या स्वरूपांना २००६ व २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकांचा दर्जा मिळाला, त्यामागे हीच चिंता होती.

निष्कर्ष

जुन्या फाँटमधील प्रबंध, नियतकालिकांचे अंक, सभांची इतिवृत्ते आणि शब्दकोशांच्या टाचण्या आजही अनेक संस्थांच्या तबकड्यांवर असू शकतात. त्या नष्ट झालेल्या नाहीत. पण शोधयंत्राच्या दृष्टीने त्या अस्तित्वातच नाहीत. रूपांतरक प्रणालींच्या साहाय्याने असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. त्यासाठी मूळ फाँट कोणता, हे माहीत असावे लागते. जोडाक्षरे व रफार चुकत असल्याने मुद्रितशोधनही अपरिहार्य ठरते. म्हणून मूळ फाईल, फाँटचे नाव व रूपांतरित प्रत या तिन्ही एकत्र जतन करणे आवश्यक आहे. फाँटची माहिती असलेले टंकलेखक व मुद्रक आज उपलब्ध आहेत. ते नसतील तेव्हा हे काम अनेक पटींनी कठीण होईल. मोडी दफ्तरांचे वाचक पुढेही घडविता आले, कारण लिपी शिकण्याची साधने उरली होती. एखाद्या अप्रचलित फाँटची मांडणी कोठेच नोंदलेली नसेल, तर पुढील अभ्यासकाला त्या मजकुराची किल्ली तर्कानेच शोधावी लागेल.