डोंगर चालणाऱ्यांचा मुक्काम : नाणेघाटाच्या टाक्यांपासून हिवऱ्याच्या बागेपर्यंत

#धागा

गेल्या महिन्यात पिंपरी पेंढारला आमच्या भावकीची बैठक झाली. विषय एकच : गावातला जुना वाडा. वाटेकरी चार. दोघांना तो उतरवून सागवानी तुळया विकायच्या आहेत, एकाला भिंती तशाच ठेवून वर पत्रा टाकायचा आहे. चौथ्या चुलत्यांनी मात्र मोबाइलवर स्कॉटलंडची एक जाहिरात दाखवली. दिवसभर डोंगर चालायचे, रात्री जुन्या जमीनदाराच्या हवेलीत मुक्काम करायचा. "आपल्याकडं असं कधी होतं का? तू इतिहास शिकतेस ना, मग सांग की." बैठकीत मला नीट सांगता आले नाही. म्हणून हा धागा, थोडा लांबलेला.

आधी स्कॉटलंडविषयी, थोडक्यात. तिथल्या उंच प्रदेशातील हवेल्यांचा बडेजाव फार जुना नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनमालकांनी मेंढपाळीसाठी कुळांना दऱ्याखोऱ्यांतून हुसकावून लावले. पुढे त्याच ओसाड रानांत हरणांच्या शिकारीची राखीव क्षेत्रे झाली. व्हिक्टोरिया राणीने १८४८ साली बाल्मोरल भाड्याने घेतले, १८५२ मध्ये ते तिच्या पतीने विकत घेतले आणि डोंगरातील सुट्टी ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. तिथे आज कोणालाही खासगी माळरानावरून चालण्याचा हक्क आहे. तो २००३ च्या कायद्याने स्पष्टपणे मान्य केला. ज्या निर्जन शांततेसाठी प्रवासी पैसे मोजतात, तिच्यामागे उठवलेली गावे आहेत. हे ध्यानात ठेवून आता आपल्या डोंगरांकडे वळू.

पाऊस सरला, हवा निवळली की आमच्या गावातून पश्चिमेला सह्याद्रीची निळी रांग दिसते. त्या रांगेतून कोकणात उतरणारी सर्वांत प्रसिद्ध वाट म्हणजे नाणेघाट. घाटमाथ्यावरच्या लेण्यात तिन्ही बाजूंना दगडी बाक आहेत आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावे आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांचे आकडे येतात. राजकुलाच्या पुतळ्यांपैकी आज पावलांचे अवशेष आणि वरची नावे तेवढी उरली आहेत.

पर्यटक तिथला रांजण पाहून परततात. तो जकातीचा, असे परंपरा सांगते. माझ्या मते चालणाऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाची आहेत ती आसपासची पाण्याची टाकी. घाट चढून आलेल्या माणसाला आणि त्याच्या बैलाला पहिल्यांदा काय लागते? पाणी. मग बसायला सावली. राणीचा लेख त्यानंतर.

ही सोय कोणी केली, याचे उत्तर जुन्नरची लेणी देतात. शिवनेरीच्या कड्यात, लेण्याद्रीला, तुळजा टेकडीवर, मानमोडीवर मिळून इथे दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. लेख बहुतेक लहान, एक-दोन ओळींचे. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी टाके आणि मंडप करवला. मला सर्वांत आवडतो तो आडुथुम नावाच्या शकाचा लेख : त्याने वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि नऊ निवर्तने वडांसाठी दिली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथे बाहेरून आलेली माणसे मुक्कामाची व्यवस्था विकत नव्हती, दान करत होती. आणि दान करताना नाव कोरायला विसरत नव्हती. हा मोह फार जुना आहे.

लेण्यांतील भिक्खू वर्षावासात एका जागी राहात, एरवी चालत. व्यापारी पावसाळा सोडून चालत. एकाच डोंगरात दोन प्रकारचे चालणारे, एकमेकांच्या आधाराने.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. कर्नल विल्यम सायक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. त्याने दख्खन अक्षरशः मोजत पालथे घातले : तापमान, हवेचा दाब, पक्षी, मासे, शेतसारा. नाणेघाटाचा लेख १८२८ च्या सुमारास विद्वानांच्या नजरेस आणला तो त्यानेच. हरिश्चंद्रगडावर असताना त्याने कोकणाच्या बाजूने दाटलेल्या धुक्यावर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिले आणि त्यात स्वतःची सावली. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने ते नोंदवले. आज कोकणकड्यावर 'इंद्रवज्र' पाहायला मुले रात्रभर जागतात; त्याच दृश्याची ही जुनी छापील नोंद.

आणि चुलत्यांच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर म्हणजे डॉ. अलेक्झांडर गिब्सन. हा स्वतः स्कॉटिश! पेशाने शल्यचिकित्सक, आधी देवी टोचण्याच्या कामावर दख्खन-खानदेशात फिरलेला. १८३८ पासून त्याच्याकडे पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा कारभार आला. ती जागाही मूळची एक हवेलीच : कॅप्टन फोर्डचा बंगला, जो गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात सरकारने घेतला. दापोडीची एक शाखा गिब्सनने जुन्नरजवळ हिवरे येथे चालवली. तिथे सोनामुखीसारख्या औषधी वनस्पतींची लागवड होई आणि सरकारी औषधसाठ्याला त्यांचा पुरवठा होई. बाग, डोंगर, वनस्पती गोळा करत चालणे : स्कॉटलंडच्या जाहिरातीतील जवळजवळ सगळे साहित्य इथे जमते.

परंतु इथेच थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे त्याने सरकारला कळकळीने बजावले. त्या बाबतीत तो आपल्या काळाच्या पुढे होता. मात्र त्याच विचारातून डोंगरउतारावरील फिरत्या शेतीवर निर्बंध आले. याच वर्षांत याच रांगांमध्ये राघोजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली महादेव कोळी सावकारांविरुद्ध उठले होते. राघोजींना १८४८ मध्ये ठाण्याला फाशी झाली. डोंगर एकाला अभ्यासाचा विषय, दुसऱ्याला घर. गिब्सनला खलनायक ठरवण्याची मला घाई नाही. पण त्याच्या वनस्पतींची चित्रे एडिंबरोत जपली आहेत आणि ज्यांनी त्याला रानातल्या वाटा दाखवल्या असतील त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, एवढे तरी म्हणायलाच हवे.

आणखी एक गोष्ट चुलत्यांना ऐकायला आवडणार नाही. साहेब दौऱ्यावर निघाला की तंबू, पेट्या, खुर्च्या कोण वाहून नेई? गावे. ओझेकरी, गवत, सरपण पुरवण्याचा भार गावावर, आणि गावात तो शेवटी पडे महार वतनदारांच्या डोक्यावर. वतनाच्या तुकडाभर जमिनीच्या मोबदल्यात वेळी-अवेळी सरकारी काम. डॉ. आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, म्हणजे आमच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत.

वाड्यातही हीच उतरंड होती. ओटा, ओसरी, माजघर. कोणी कुठवर यायचे हे उंबरेच सांगत. उद्या ओसरीवर पाहुण्यांसाठी वेताच्या खुर्च्या मांडल्या तर त्या जागी पूर्वी कोण उभे राहात होते आणि कोणाला तिथेही येता येत नव्हते, हे फलकावर लिहिणार का? हा प्रश्न मी बैठकीत विचारला नाही. विचारायला हवा होता.

व्यवहाराचेही थोडे. जुन्नर २०१८ मध्ये राज्याचा पर्यटन तालुका जाहीर झाला, त्यामुळे चुलत्यांचे स्वप्न अगदीच हवेतले नाही. ओतूरचे कपर्दिकेश्वर, लेण्याद्री, ओझर, माळशेज, हरिश्चंद्रगड ही सगळी ठिकाणे आमच्या आवाक्यात आहेत. पण उसाच्या फडांत बिबट्या आहे. इथली माणसे दिवेलागणीनंतर एकटी शिवारात जात नाहीत. शहरातून आलेल्या पाहुण्याला 'संध्याकाळची रम्य पायवाट' म्हणून तीच वाट विकणे हा निव्वळ बेजबाबदारपणा होईल. चालायचे तर सकाळी, उन्हे वर आल्यावर, आणि वाटेचा माहीतगार सोबत घेऊन. त्या माहीतगाराची मजुरी आधी ठरवायची.

माझे मत विचाराल तर वाडा उतरवू नये. तुळयांचे पैसे चौघांत वाटले तर वर्षभरात संपतील. मात्र त्याला 'हेरिटेज' नाव देण्याआधी देवघराशेजारच्या पेटीतले मोडी कागदांचे गाठोडे मला वाचू द्यावे, एवढी अट मी घातली आहे. पुढची बैठक त्रिपुरी पौर्णिमेनंतर आहे. गाठोड्यात वेठीचा एखादा कागद निघाला तर तोही सर्वांसमोर वाचायचा, असे मी चुलत्यांना कळवले. त्यांनी संदेश पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही.