गिरणीचा वारा आणि संगणकाचा पंखा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमचा विषय वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्याने उभा जन्म गिरणीच्या फाटकावर पत्रके वाटण्यात घालविला, त्याने संगणकाच्या पंख्यावर बोलावे हे नवलच. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते धुळ्याच्या गरुड वाचनालयात आणि कामगारांच्या खोल्यांत. तेव्हा यंत्रशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु गेल्या मे महिन्यात जळगावात एक प्रसंग घडला, आणि तो उलगडता उलगडता आम्ही थेट आमच्या वडिलांच्या साळखात्यात जाऊन पोहोचलो. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

धुळ्याच्या गिरणीतून निवृत्त झालेल्या एका साचेवाल्याचा नातू जळगावात राहतो. लग्नाच्या चित्रफिती जुळवून देण्याचा त्याचा धंदा आहे. त्यासाठी त्याने एक जबर संगणक स्वतःच्या हाताने जुळविला आणि तो थंड ठेवण्यासाठी पाणी खेळविले. लहानसा पंप, नळ्या, आणि मोटारीला असतात तसे दोन रेडिएटर. मार्चपर्यंत सारे ठीक चालले. पुढे खान्देशी ऊन तापू लागले तसा तो संगणक भर दुपारी आपोआप मंदावू लागला, आणि लग्नसराईत एक दिवस बंदच पडला. मुलाने आधी मोठा पंप आणला, मग महागातले रंगीत पाणी आणले. गुण काही येईना. गिऱ्हाईक दारात उभे, आणि पोराने हप्त्याने घेतलेले यंत्र हातपाय गाळून बसलेले!

आता थोडे मागे जाऊ.

जळगावला १८७० च्या दशकात कापडाची गिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी निघाली, पुढे धुळ्यात न्यू प्रताप मिल आली. खान्देशात कापूस होता, रेल्वे होती, माणसे होती. नव्हता तो हवेतील ओलावा. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होते, ताणाचे धागे तटातट तुटतात, साचा थांबतो. म्हणून हवा ओली करावी लागे. ही अडचण लँकेशायरातही होती. तेथील मालकांनी सोपा उपाय काढला होता: साळखात्यात सरळ वाफ सोडावयाची. सूत सुखावले, माणसे मात्र उकडून निघाली. विणकरांनी या वाफेविरुद्ध आवाज उठविला, आणि १८८९ साली इंग्लंडात सुती कापडाच्या कारखान्यांतील ओलाव्यावर मर्यादा घालणारा कायदा झाला. आम्हां संघटनवाल्यांना हे साल पाठ असले पाहिजे, पण ते फार थोड्यांना ठाऊक असते.

आणखी एक गंमत. ज्याला आज सारे जग ‘एअर कंडिशनिंग’ म्हणते तो शब्द राजवाड्यात किंवा नाट्यगृहात जन्मलेला नाही. १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर नावाच्या अमेरिकन गिरणी-अभियंत्याने तो सूतगिरणीतील हवेसाठी वापरला. त्याच्या आधी चार वर्षे विलिस कॅरियरने हवा थंड व कोरडी करण्याची योजना केली, ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यातील कागद फुगू नये म्हणून. म्हणजे पहिला मान सुताला, दुसरा कागदाला. माणसाची पाळी पुष्कळ उशिरा आली.

आमचे वडील साळखात्यात होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन आम्ही फाटकाशी जात असू. दुपारी बाहेर पडणाऱ्या माणसांचे सदरे अंगाला चिकटलेले, केसांत सरकीच्या रुईसारखी कापसाची पिंज. बाहेर ४४ अंश ऊन असे, तरी फाटकाबाहेर पाऊल टाकताच ते म्हणत, “हाश्श!” आम्हांला ते कोडे वाटे. आतल्यापेक्षा बाहेर अधिक तापलेले असून बाहेर बरे कसे वाटते? उत्तर पुढे पुस्तकात सापडले. आत हवा ओली होती आणि कोंडलेली होती. घाम सुकत नव्हता. बाहेर हवा तापलेली पण कोरडी होती, आणि ती वाहत होती.

ही गोष्ट इंग्लंडातील लेनर्ड हिल नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने फार चांगली ओळखली. नुसता तापमापक माणसाच्या त्रासाचे माप देत नाही, हे पाहून त्यांनी ‘काटा’ नावाचे निराळे उपकरण बनविले. त्याचा फुगा गरम पाण्यात तापवावयाचा, आणि पारा उतरतो तसा त्यातील मद्यार्क १०० वरून ९५ फॅरनहाइट अंशांवर उतरण्यास किती सेकंद लागतात ते मोजावयाचे. फुग्यावर ओले मलमल चढविले की घाम आलेल्या अंगाचे माप मिळते. हवा किती तापली आहे हे काटा सांगत नाही. हवा उष्णता किती झपाट्याने वाहून नेते हे तो सांगतो. हिंदुस्थानातील गिरण्यांच्या पाहणीतही ते उपकरण वापरले गेले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तेराव्या कलमात ताज्या हवेच्या अभिसरणाची तरतूद आली. महाराष्ट्राच्या कारखाने नियमांनी तर आकडाच घातला होता: ओल्या फुग्याचे तापमान ३० अंशांपेक्षा अधिक नसावे आणि हवा मिनिटाला निदान ३० मीटर तरी हलली पाहिजे. कागदावरचे हे वारे प्रत्यक्ष साच्यापर्यंत कितपत पोहोचले, ते येथे बसलेली जुनी मंडळी आमच्यापेक्षा चांगले सांगतील.

मोटारीची कथा याच वंशातली. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीवर विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला; त्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या आणि मागे पंखा होता. थोड्या पाण्याची उष्णता पुष्कळ पृष्ठभागावर पसरावयाची आणि वाऱ्याच्या स्वाधीन करावयाची, ही त्यातली युक्ती. आम्ही ऐन उमेदीत संघटनेच्या कामासाठी एस.टी.ने हिंडत असू, तेव्हा लळिंगच्या चढावर गाडीला उकळी फुटणे हा नित्याचा कार्यक्रम होता. चालक उतरे, रेडिएटरच्या झाकणावर ओले फडके टाकी आणि उतारूंना म्हणे, “पाय मोकळे करून घ्या.” एकदा अशाच एका खोळंब्यात धुळ्याच्या एका वयस्क मिस्तरीने आम्हांला बोनेटखाली वाकून दाखविले, पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे कोणी तरी काढले होते आणि परत बसविले नव्हते. “पंखा फिरतोय,” तो म्हणाला, “पण वारा जाळीतून घेतच नाही, बाजूने चोरून घेतोय.” पंखा गोल, रेडिएटर चौकोनी, दोहोंमध्ये कडे नसेल तर हवा सोपी वाट धरते, आणि सोपी वाट कधीच जाळीतून नसते.

संगणकाचा इतिहास येथे थोडक्यात आटोपतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि अशी नळी म्हणजे लहानसा दिवाच. त्या दशकात विमा व बँक कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढे दिले ते नोकरीच्या भीतीने, आणि ती भीती निराधार नव्हती. पण तेव्हा एक दृश्य सर्वांच्या डोळ्यांसमोर होते: संगणकाला थंड बंद खोली, आणि कारकुनाला छताचा कुरकुरणारा पंखा. पुढे घरगुती संगणक आले. आरंभीच्यांना प्रोसेसरवर पंखा लागत नसे. १९९० नंतर तो लागू लागला. आजचा एक भारी प्रोसेसर अडीचशे वॅट आणि चित्रपटल रंगविणारे कार्ड साडेचारशे वॅट खाऊ शकते. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसविला, तोही पाण्यानेच थंड ठेवतात.

आता त्या पोराच्या घरी चला. आम्ही गेलो तेव्हा सोबत त्याचे आजोबा होते. त्यांना संगणक ठाऊक नाही. त्यांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली, देवघरातली उदबत्ती पेटवून आणली, पेटीच्या तोंडाशी धरली आणि म्हणाले, “वारा येस कथाइन नि जास कथा, ते पहाय पहिले.”

धुराने सारे सांगून टाकले. पेटी लाकडी फडताळात कोंबलेली होती. वरच्या रेडिएटरमधून निघालेली गरम हवा फडताळाच्या फळीला आपटून पुढे वळत होती आणि पुढच्या रेडिएटरमध्ये पुन्हा शिरत होती. म्हणजे यंत्र आपलाच उच्छ्वास श्वास म्हणून घेत होते. शिवाय पुढे शोभेची काच होती, तिच्या कडेला बोटभर फट. आणि पंखा व जाळी यांच्या सांध्यांतून धूर बाजूने निसटत होता. लळिंगच्या घाटातले कडे येथेही हरवलेले!

आम्ही कागदावर हिशेब मांडला. धरा की यंत्र ६०० वॅट उष्णता टाकते. लहानशी विजेची शेगडीच म्हणा. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर ही सारी उष्णता घेऊन त्याचे तापमान एका फेरीत जेमतेम दोन अंशांनी वाढते. पाणी आपले काम चोख करीत होते. मोठ्या पंपाचे पैसे फुकट गेले ते यामुळे. हवेची गोष्ट निराळी. तितकीच उष्णता दहा अंशांच्या वाढीवर न्यावयाची तर दर सेकंदाला पन्नास लिटरांहून अधिक हवा जाळीतून गेली पाहिजे. पाणी हा केवळ हमाल आहे. तो ओझे फलाटापर्यंत आणून ठेवतो. गाडीच नसेल तर दुसरा हमाल लावून उपयोग काय?

पोराचा पुढचा विचार पंखे जोरात फिरविण्याचा होता. त्यातही हिशेब आड आला. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट होते, पण वीज आठपट लागते. आवाजाचे तर विचारूच नका. त्यापेक्षा वाट मोकळी करणे स्वस्त पडते. पेटी फडताळातून काढून भिंतीपासून हातभर दूर ठेवली. काच काढली. पंखे सोडविले तेव्हा जाळीच्या आतल्या अंगावर राखाडी गोधडी बसलेली दिसली: जळगावची धूळ आणि शेजारच्या गादीवाल्याची रुई. ती मऊ कुंचल्याने व फुंकणीने उलट दिशेने काढली. पंखा आणि जाळी यांमध्ये दोन-अडीच सेंटीमीटर उंचीची चौकट बसविली, कारण पंख्याच्या मध्यभागी मोटर असते आणि अगदी चिकटून बसविला तर तिच्यामागचा जाळीचा भाग वाऱ्यावाचून राहतो. सांधे स्पंजाच्या पट्टीने बंद केले. एक रेडिएटर फार दाट पत्र्यांचा होता. त्याला पुढून ढकलणारे आणि मागून ओढणारे असे दुहेरी पंखे लावले. विरळ जाळीला असा दुहेरी थाट बहुधा लागत नाही. शेवटी वरचे पंखे उलटे करून तेथूनही बाहेरची हवा आत घेतली आणि मागचे तोंड बाहेर टाकण्यासाठी मोकळे ठेवले, म्हणजे एका रेडिएटरची गरम हवा दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये.

आरंभी खोली ३९ अंश असताना पाणी ५७ अंशांवर होते. अशा नळ्या व पंप ६० अंशांच्या आतच वापरावे असे त्यांचे बनविणारे बहुधा सांगतात, तेव्हा यंत्र कड्याच्या टोकावर उभे होते म्हणा. संध्याकाळपर्यंत खोली तेवढीच तापलेली असता पाणी ४९ वर आले. फरक अठराचा दहा झाला. हा फरकच मोजावयाचा असतो. पाणी कितीही फिरवा, अशा बंद नळ्यांतले पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही.

येथे पोराने शहाणा प्रश्न विचारला: मग खोलीच थंड का करू नये? खिडकीत वाळ्याच्या पडद्याचा कूलर होताच. ४४ अंशांची आपली कोरडी हवा ओली होऊन पुष्कळ उतरते. १५ टक्के ओलावा असेल तर ओल्या फुग्याचे माप २३ अंशांच्या आसपास येते. पण त्याने खोलीचे दुसरे तोंड बंद ठेवले होते, ‘गारवा बाहेर जाऊ नये’ म्हणून. कूलर चालूच होता, आणि खोली साळखात्यासारखी चिकचिकत होती. आजोबांनी काठीने वरची झडप उघडली. यंत्र कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नये, कारण ओलसर धूळ जाळीत चिखलासारखी बसते.

यानंतरच्या आठवड्यात आम्ही जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात वाटाघाटीला गेलो. तेथे यंत्रातून निघणारा गरम माल थंड पाण्याच्या टाकीतून जातो आणि त्या पाण्यासाठी निराळे शीतयंत्र आहे. चालविणारा माणूस तापलेल्या नळकांड्याशेजारी उभा, पाठीमागे पत्र्याची भिंत. व्यवस्थापक म्हणाले, “पंखा दिला आहे ना?” पंखा होता. आम्ही खिशातून उदबत्ती काढून पेटविली. धूर पंख्यापाशी गेला, भिंतीला लागला आणि त्याच माणसाच्या तोंडावर परत आला. मागणीपत्रात मागच्या भिंतीला दोन झडपा, छताला हवा बाहेर ओढणारा पंखा, आणि कामगार उभा राहतो त्या जागी मिनिटाला निदान ३० मीटर वारा, असे आम्ही त्याच दिवशी लिहून दिले. पुढची बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवावी असा त्यांचा निरोप आला. आम्ही मेच मागितला आहे.