उपयोगसुलभता चाचणी : पूर्वतयारी आणि संचालन

एखादे यंत्र, छापील अर्ज अथवा संगणकीय सेवा सर्वसामान्य माणसाला इतरांच्या मदतीविना वापरता येते किंवा नाही, हे प्रत्यक्ष वापरातून तपासण्याच्या पद्धतीला उपयोगसुलभता चाचणी म्हणतात. आयएसओ ९२४१-११ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये सुधारण्यात आले. कार्यसिद्धी, त्यासाठी लागणारे श्रम व वेळ, आणि वापरणाऱ्याचे समाधान हे त्यातील तीन निकष आहेत.

मांडणीतील दोषाचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे अमेरिकेतील २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत दिसून आले. फ्लोरिडा राज्यातील पाम बीच परगण्यात वृद्ध मतदारांच्या सोयीसाठी मतपत्रिकेवरील अक्षरे मोठी करण्यात आली. परिणामी उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर आणि छिद्रे मधल्या एकाच रांगेत आली. डाव्या पानावर दुसरे नाव अल गोर यांचे होते. दुसरे छिद्र मात्र उजव्या पानावरील पॅट ब्यूकॅनन यांचे होते. एकाहून अधिक छिद्रे पाडल्यामुळे १९ हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या. राज्याचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला.

चाचणीपूर्वी उद्दिष्ट निश्चित करावे लागते. त्यानंतर ज्यांच्यासाठी ती सेवा आहे, अशाच व्यक्तींची निवड केली जाते. संस्थेतील कर्मचारी त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार पाच सहभागींकडून सुमारे ८५ टक्के दोष उघड होऊ शकतात. मात्र वयोगट, भाषा अथवा दृष्टिक्षमता भिन्न असल्यास प्रत्येक गटातील व्यक्तींचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

सहभागींना द्यावयाचे काम व्यवहारातील असावे. ‘आरक्षणाचे बटण दाबा’ अशी सूचना उत्तर सुचवते. ‘शुक्रवारी नागपूरहून पुण्याला जाण्यासाठी दोन तिकिटे काढा’ असे सांगणे योग्य ठरते. मुख्य चाचणीपूर्वी एका व्यक्तीसह रंगीत तालीम घेतल्यास सूचनांमधील संदिग्धता लक्षात येते.

प्रत्यक्ष चाचणीच्या आरंभी सहभागीची संमती घेतली जाते आणि कोणत्याही क्षणी थांबण्याची मुभा असल्याचे सांगितले जाते. परीक्षा सहभागीची नसून सेवेची आहे, हेही स्पष्ट केले जाते. मनात येणारे विचार मोठ्याने बोलण्याची विनंती त्याला करण्यात येते. ‘हे दाबू का?’ असे विचारल्यास संचालकाने उत्तर न देता ‘आपणांस काय वाटते?’ असे विचारावे. सौजन्यापोटी अनेक जण अडखळूनही ‘छान आहे’ असे सांगतात. त्यामुळे अभिप्रायापेक्षा प्रत्यक्ष कृतीची नोंद अधिक महत्त्वाची असते.

चाचणीनंतर दोषांची तीव्रतेनुसार वर्गवारी, दुरुस्ती आणि नव्या सहभागींसह फेरचाचणी असा क्रम असतो. वापरात आणण्यापूर्वी चाचणी घेण्याचे हेच तत्त्व भारतातही पाळले गेले आहे. मतदाराला आपले मत पडताळून पाहता यावे यासाठीचे व्हीव्हीपॅट यंत्र जुलै २०११ मध्ये लडाख, तिरुअनंतपुरम, चेरापुंजी, पूर्व दिल्ली आणि जैसलमेर येथे अजमावण्यात आले. सुधारणांनंतर २०१२ मध्ये पुन्हा चाचणी झाली. त्यानंतरच, सप्टेंबर २०१३ मध्ये, नागालँडमधील नोकसेन पोटनिवडणुकीत ते प्रथम वापरण्यात आले.