तळटीप १४ : ‘ग्लुकोकॉर्टिकॉइड कॅस्केड’

१४. रॉबर्ट सापोल्स्की, लुईस क्रे आणि ब्रूस मॅक्युअन यांनी १९८६ मध्ये मांडलेले गृहीतक. ताण आला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवतात. उंदरांत त्याची जागा कॉर्टिकोस्टेरॉन घेते. ‘आता पुरे’ हा निरोप देण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा, आणि नव्या आठवणी साठवण्याचे कामही त्याचेच. उतारवयात संप्रेरकाच्या माऱ्याने हाच भाग झिजला, की निरोप क्षीण होतो आणि संप्रेरक आणखी चढते.

हे सारे उंदरांवरून सुचलेले. माणसांत चित्र इतके सरळ नाही, कारण अनेक वृद्धांचे कॉर्टिसॉल वाढतच नाही. मात्र सोनिया ल्युपियन यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले, की ज्यांचे ते वर्षानुवर्षे चढत गेले त्या वृद्धांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा लहान होता आणि स्मरणाच्या चाचण्यांतही ते मागे पडले.

मूळ मजकुराच्या पुढच्याच वाक्यातला ‘दाह’ वाचकाला बुचकळ्यात टाकील, कारण याच कुळातले कॉर्टिझोन दाह शमवते. संधिवातावरील त्याच्या उपयोगाशी निगडित संशोधनाला १९५० चे नोबेल मिळाले. पण मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींवर परिणाम उलटाही होतो. वाढलेले संप्रेरक त्यांना आधीच सावध करून ठेवते. मग साधा संसर्गही म्हाताऱ्या उंदरांत दीर्घकाळ दाह पेटवतो आणि नुकतेच शिकलेले पुसतो. शस्त्रक्रियेनंतर किंवा तापात वृद्ध माणसे एकाएकी भ्रमिष्टासारखी वागू लागतात, त्यामागच्या संभाव्य कारणांत संशोधक हेही धरतात.