सिद्दी नृत्य आणि पूर्वजस्मृती

आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाने नाच व वाद्यांतून जपलेली पूर्वजांची ओळख. या वंशाचा दख्खनेतला ठळक लेखी इतिहास अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) निजामशाहीत सापडतो. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) अनेकदा विकला गेला, अखेर निजामशाहीचा पेशवा चंगीझखान या हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्याच, सरदाराने त्याला विकत घेतले. पुढे अंबर राज्याचा कर्ताधर्ता झाला. नगरजवळच्या भातोडीला १६२४ मध्ये त्याने मोगल व आदिलशाही फौजा मोडल्या. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत कामी आले.

तवारिखांत या सरदारांच्या लढाया आहेत; सामान्य हबशी माणसाचे आईबाप, गाव, कुळ नाही. गुलामांच्या बाजारात नाव आणि धर्म बदलले, तिथेच वंशावळ तुटली. म्हणून घराघरांतला वारसा शोधायचा तर नाचाकडेच वळावे लागते.

गुजरातेतल्या भरूच जिल्ह्यातील रतनपूरला अकीकाचे व्यापारी मानले गेलेले संत बावा गोर यांचा दर्गा आहे. तिथले सिद्दी बावा गोर व त्यांची बहीण माई मिस्रा यांना आपले पूर्वज मानतात आणि त्यांच्यापुढे ‘धमाल’ किंवा ‘गोमा’ नाचतात. साथीला पायांवर उभा राहणारा मुगरमान ढोल आणि भोपळा बांधलेले, एका तारेचे धनुष्य, म्हणजे मलुंगा असतो. ही परंपरा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी जोडलेली. इथिओपियातून आलेल्या निजामशाही हबशांशी तिची सरसकट सांगड घालू नये. रंगमंचावर डोक्याने नारळ फोडण्याला टाळ्या पडतात, पण दर्ग्यातली धमाल मुळात भक्तीची आहे, आणि तिचे मोल तिथेच कळते.

समकालीन आफ्रिकी नृत्यातही पूर्वजांचा हा शोध दिसतो. बेनिनमध्ये जन्मलेल्या, सेनेगलमध्ये ‘एकोल दे साब्ल’ ही नृत्यशाळा उभारणाऱ्या जर्मेन अकोन्यी यांनी २०१५ मध्ये वडिलांचे लेखन आणि पुजारीण असलेली आजी यांवर एकपात्री नृत्य रचले. त्यांच्या हाती वडिलांचे कागद होते. सिद्दी घरांत तो आधार क्वचितच मिळतो.

गुजरातेप्रमाणेच कर्नाटकातही नाच-वाद्यांचा हा आधार दिसतो: उत्तर कन्नडमधील हल्याळ, यल्लापूर भागात कोकणी-मराठी मिश्रित बोली बोलणारे सिद्दी दमाम हा ढोल वाजवतात आणि बायका फुगडी घालतात. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांचे सिद्दी दमामाला आपलाच मानतात.