तीन मतांची खुर्ची

२४ जानेवारी १९४६. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात अध्यक्षाची निवड व्हायची होती. एका बाजूस सरकारचा पाठिंबा लाभलेले सर कावसजी जहांगीर, दुसऱ्या बाजूस काँग्रेसचे गणेश वासुदेव मावळंकर. मते मोजली गेली. ६६ विरुद्ध ६३! अवघ्या तीन मतांनी ती उंच खुर्ची अहमदाबादच्या एका वकिलाकडे आली.

दादासाहेबांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे. जन्म मात्र १८८८ साली बडोद्यास. १९१३ साली अहमदाबादेत वकिली सुरू केली आणि असहकाराच्या दिवसांत ती बाजूला ठेवली. पुढे तुरुंग आलाच. तेथे भेटलेल्या गुन्हेगार कैद्यांच्या हकीकती त्यांनी गुजरातीत लिहून काढल्या. अशिलाचे ऐकून घेण्याची सवय ही अशी कामी आली.

खरे पाहता वकिलाला त्या खुर्चीवर बसविणे म्हणजे त्याच्यावर अन्यायच! ज्याचे आयुष्य एक बाजू मांडण्यात गेले, त्याने दोन्ही बाजू ऐकायच्या आणि आपण गप्प बसायचे. मुंबईच्या विधानसभेत १९३७ पासून हा सराव झाला होता खरा. पण हाडाचा वकील जातो कोठे? १९५२ साली ते पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. मंत्री उठून 'चौकशी करू', 'विचार करू' म्हणत आणि प्रकरण तेथेच थंडावे. १९५३ साली दादासाहेबांनी अशा आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समितीच नेमली. साक्षीदाराचा शब्द सुटू द्यायचा नाही, हा कोर्टातला खाक्या! सरकारने ऊठसूट वटहुकूम काढावेत, हेही त्यांना खपत नसे. ते त्यांनी पत्र लिहून नेहरूंना बजावले. आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानांना!

आपल्याच पक्षाच्या, कारण काँग्रेसचे सभासदत्व त्यांनी सोडले नव्हते. विरोधकांना हे सलत असेल, तर त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. आता आरोपी खुद्द अध्यक्ष. मग न्यायासनावर बसायचे कोणी? उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगारांनी सभागृह चालविले. ठराव फेटाळला गेला.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी, अध्यक्षपदी असतानाच, दादासाहेब अहमदाबादेत वारले. खुर्चीवर अय्यंगार आले, आणि अहमदाबादच्या रिकाम्या जागेवर पोटनिवडणुकीत सुशीलाबाई मावळंकर बिनविरोध निवडून आल्या.