करड्या भिंतीचा रंग

'मुगल-ए-आझम' २००४ साली संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा चित्रपटगृहांत आला. १९६० च्या मूळ चित्रपटात शीशमहालातले नृत्य आणि शेवटचा काही भाग एवढाच रंगीत होता. ते तुकडे पाहिल्यावर के. आसिफ यांना सगळाच चित्रपट रंगीत करायचा होता. वितरक मात्र आणखी थांबायला तयार नव्हते. म्हणजे इथे निदान दिग्दर्शकाची इच्छा ठाऊक आहे. पण ज्यांनी कृष्णधवल चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच सगळी मांडणी केली, त्यांच्या कामावर मागाहून कोणी रंग चढवावा का? अमेरिकेत टीव्हीवरच्या जुन्या विनोदी मालिकांच्या निमित्ताने हा प्रश्न आम्हाला पडतो.

'आय लव्ह लूसी' १९५१ ते १९५७ सीबीएस वाहिनीवर चालली. त्या काळी बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत आणि दूरच्या शहरांसाठी टीव्हीच्या पडद्याचेच चित्रण करून पाठवले जाई. ते पुसट दिसे. ल्युसिल बॉल आणि त्यांचे पती देसी अर्नाझ यांनी हॉलिवूडमध्येच, प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण केले. आजही ही मालिका स्वच्छ दिसते ती या हट्टामुळे. छायाचित्रणासाठी त्यांनी कार्ल फ्रॉइंड यांना आणले. जर्मनीत 'मेट्रोपोलिस' टिपणारा हा माणूस! तीन कॅमेरे एकदम चालणार, तेव्हा मध्येच दिवे हलवणे शक्य नव्हते. म्हणून फ्रॉइंड यांनी सर्वत्र सारखा प्रकाश ठेवला आणि भिंती, सामान करड्याच्या निरनिराळ्या छटांत रंगवून घेतले. दृश्यात वर्तमानपत्र यायचे असले तर त्याचा कागदही करडा केला जाई.

डिसेंबर २०१३ मध्ये सीबीएसने या मालिकेचे दोन भाग रंगवून दाखवले. द्राक्षे तुडवता तुडवता लूसी हातघाईवर येते तो प्रसिद्ध भागही त्यात होता. लूसीचे केस लाल, हे सर्वांना माहीत. भिंतीचे काय? ती खरोखर करडीच होती. तिथे आलेला रंग रंगवणाऱ्याचा. 'द ॲडम्स फॅमिली' (१९६४-६६) ची गोष्ट आणखी गमतीची. तिथल्या भयाण वाड्याचा दिवाणखाना प्रत्यक्षात गुलाबी होता, कारण फिल्मवर त्यातून हवी ती करडी छटा मिळे. खरा रंग द्यावा तर वाडा बाहुलीचे घर होणार, आणि वाडा भयाण ठेवावा तर रंग खोटा ठरणार.

ब्रिटनमध्ये नेमके उलटे घडले. 'डॅड्स आर्मी' चा १९६९ चा एक भाग मुळात रंगीत होता, पण उरली ती त्याची कृष्णधवल फिल्म. पडद्यावरून ती प्रत काढताना रंगसंकेताचे बारीक ठिपके चित्रात उमटून राहिले होते. तंत्रज्ञांनी त्या ठिपक्यांवरून मूळ रंग शोधून काढले आणि २००८ मध्ये बीबीसीने तो भाग रंगीत दाखवला. हा रंग दस्तऐवजातूनच निघाला. लूसीच्या भिंतीचा कल्पनेतून. आम्हाला हा फरक मोठा वाटतो. (इतिहासाला सोयीचा रंग देणारे आपण काही कमी पाहिलेले नाहीत.)

तरीही रंगवूच नये असे आम्ही म्हणत नाही. २०१६ मध्ये 'द डिक व्हॅन डाइक शो' चे दोन भाग रंगवले गेले तेव्हा मालिकेचे जनक कार्ल रायनर हयात होते आणि त्यांचा त्याला पाठिंबा होता. फ्रॉइंड १९६९ मध्येच गेले. त्यांना कोण विचारणार? दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्या वारसांनी 'द ॲस्फाल्ट जंगल' या चित्रपटाच्या रंगीत प्रतीविरुद्ध फ्रान्समध्ये दावा लावला. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला की, मालकी कंपनीची असली तरी कर्त्याचा नैतिक हक्क संपत नाही. अमेरिकेत मालक कंपनीचाच शब्द चालला.

निदान रंगवलेल्या प्रतीवर तसे स्पष्ट लिहावे आणि मूळ प्रत तितक्याच सहज मिळावी, ही आमची मागणी 'मुगल-ए-आझम' लाही लागू आहे. आसिफ यांची इच्छा रंगाची होती, हे खरे. पण १९६० च्या प्रेक्षकांसमोर कृष्णधवल दरबारातून शीशमहाल एकदम रंगांत उजळला होता. सगळाच चित्रपट रंगीत झाल्यावर तो क्षण त्यात उरलेला नाही.